शालूवरचं श्रीखंड

लेकीच्या लग्नाच्या पंगतीत नाव घेऊन झालं, तसा जावयाने श्रीखंडाचा घास तिच्या तोंडाजवळ नेला आणि हसत तिच्या गालाला फासला. तो चिकट, पिवळा गोळा ओघळत शालूवर पडला. सगळे खदखदून हसले. सवयीने मीही हसलो.

तिच्या मावशीने ओल्या रुमालाने पुसलं, तर डाग आणखीच पसरला. शेवटी पदराची चुणी त्यावर ओढून ती पिन लावू लागली. "आता दिसणार नाही हो भावजी," ती मला म्हणाली. मला किळस आली ती श्रीखंडाची नव्हे, तोंडावर अजून चिकटून राहिलेल्या माझ्या हसण्याची. आम्ही बापांनी असे किती डाग चुण्यांखाली सरकवले असतील!

"घट्ट लाव गं मावशी," लेक मान खाली घालून म्हणाली, "त्यांचं भरवून अजून संपलं नाही."