पडद्यावरची चूल

मी आचारी झालो तो भित्रेपणामुळे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कॉलेजच्या लॅबमध्ये इंटरनेट असलेली दोनच मशिनं होती. संध्याकाळी पाच ते सात ती प्रोजेक्टवाल्यांसाठी राखून ठेवलेली असत. प्रोजेक्ट कसला, आम्ही खेळायचो. कुठल्याशा परदेशी विद्यापीठाच्या कंप्युटरवर चालणारा तो खेळ होता. त्यात चित्र एकही नाही, काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं. 'तू जंगलात आहेस, उत्तरेला गुहा आहे' असं लिहून यायचं. आपण 'उत्तर' असं टाइप करायचं आणि गुहेत शिरायचं. गुहेत राक्षस बसलेलाच. त्याच जंगलात त्याच वेळी जगभरातली पन्नास-साठ माणसं हिंडत असायची, बोलायची, लुटायची, एकमेकांना वाचवायची. पहिल्या आठवड्यात मी इतक्या वेळा मेलो की शेजारच्या मशिनवरचा पोरगा माझ्याकडे बघून नुसताच मान हलवायचा. शेवटी ज्यात मरायची भीती सगळ्यात कमी ते काम धरलं. रांधायचं.

तो स्वयंपाक वाटतो तितका पोरखेळ नव्हता. आधी लाकडं तोडायची, मग गारगोटीने जाळ करायचा. जाळ थोडाच वेळ टिकायचा, तेवढ्यात उरकायला लागायचं. मासा, रानडुकराचं मांस, कंद, जे हाती लागेल ते जाळावर ठेवायचं. प्रत्येकाच्या कौशल्याचा एक आकडा असे. तो कमी असला की दहातल्या आठ माशांचा कोळसा. पण करपलं तरी आकडा किंचित वाढायचा, एवढी दया त्या खेळात होती. कच्चं खाल्लं तर विषबाधा, शिजवलेलं खाल्लं तर जखमा भरून येत, आणि गरम असताना खाल्लं तर लवकर भरत. जमिनीवर तसंच ठेवलं तर कुजून नाहीसं होई. एकट्याने रांधून एकट्याने खाल्लं तर जेमतेम भूक भागायची. पण जाळाभोवती चार जण बसून खाल्लं तर चौघांचीही ताकद वाढायची. हा नियम ज्याने केला त्याला जेवण म्हणजे काय ते कळत असावं. सोबत्याकडे 'बघ' असं लिहिलं की तो भुकेला आहे की त्याचं पोट भरलंय तेही कळायचं. पोट भरलेल्याला खेळ खाऊच देत नसे.

एका संध्याकाळी मी जाळावर मासे लावून बसलो होतो. तीन गडी राक्षसाचा मार खाऊन, अर्धमेले होऊन माझ्याजवळ आले. हवंय का, असं मी इंग्रजीत विचारलं. त्यातल्या एकाने दुसऱ्याला इंग्रजी अक्षरांत लिहिलं, "घे रं, फुकट हाय."

मी खुर्चीतून उठलोच. "कुठलं रं तुमी?"

"साताऱ्याचं. तू?"

"सांगली."

मग काय, त्या दिवशी राक्षस बाजूलाच राहिला. तिघं साताऱ्याच्या एकाच कॉलेजात, एकाच हॉस्टेलवर होते. एक ढाल-तलवारवाला, एक तिरंदाज, एक वैद्य. पुढे वर्षभर आम्ही चौघं रोज एकत्र खेळलो. ते लढायचे, मी मागे जाळ करून बसायचो. खेळात खरं नाव सांगायची पद्धतच नव्हती, आडनावाचा तर प्रश्नच नाही. मी त्यांचा आचारी. "आचारी, वाढ की रं," असं ढालवाला लिहायचा आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

याचं कारण सांगायला हवं. आमच्या घरचं ताट आमच्या गल्लीबाहेरच्या कुणापुढे मी कधी पाहिलं नव्हतं. शाळेत मधल्या सुट्टीत पोरं गोल करून बसायची, एकमेकांच्या डब्यात हात घालायची. माझा डबा त्या गोलाला लागून, पण जरा बाहेर. कुणी तसं सांगितलं नव्हतं, भांडणही कधी झालं नव्हतं. जागाच ठरून गेली होती. त्यामुळे माझ्या हातचं कुणी हक्काने मागतंय, नाही मिळालं तर रागावतंय, हे सुख मला नवीन होतं. मला त्याची चटक लागली.

एक दिवस तिरंदाजाने लिहिलं, "खरंच येतंय का रं तुला, का नुसतं टायपिंगच?" वैद्य म्हणाला, चला, सांगलीला जाऊन बघू. पुढच्याच्या पुढचा रविवार ठरला.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला.

"त्यास्नी ठावं हाय का?"

"काय?"

"आपलं."

मला राग आला. "आगं आई, कंप्युटरवाली पोरं हायत ती. वरीसभर माझ्याच हातचं खात्यात."

"कंप्युटरात," ती म्हणाली आणि परत निवडायला लागली.

दोन आठवडे मी तिच्याकडून शिकलो. भाकरी थापताना चिरायची, तव्यावर टाकताना दुमडायची. इथे करपलं तर आकडा वाढत नव्हता, आईचा आवाज तेवढा वाढत होता. काय करायचं ते मात्र मीच ठरवलं. मटण केलं तर कुणी म्हणेल माझा वार आहे, म्हणून मटण नाही. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, खर्डा, दही, तांदळाची खीर. नाही म्हणायला कुणाला जागाच राहू नये असा तो बेत होता. आज कळतं, मी इतका विचार केला म्हणजे मलाही ठाऊक होतंच.

रविवारी अकरा वाजता स्टँडवर गेलो. तिघांना ओळखायला वेळ लागला नाही. ढालवाला किरकोळ, चष्मा लावलेला निघाला, त्यावरून रिक्षात बसेपर्यंत हसत होतो. घरी आले, आईला वाकून नमस्कार केला, पाणी प्यायले. वांग्याचा वास आल्यावर वैद्य म्हणाला, "आचाऱ्या, जीव घेतोस का काय!" मी ताटं मांडली. तिघं मांडी घालून बसले.

आणि मग ढालवाल्याने सहज विचारलं, "आरं, वरीसभर खेळतोय आन तुझं आडनाव म्हाईत न्हाई. काय रं?"

मी सांगितलं.

"आत्ता! माझ्या मामाचं त्येच की. म्हंजे तू पावणाच निघालास!"

ते आडनाव त्यांच्यातही असतं, आमच्यातही. मी गप्प बसलो असतो तर ते पोटभर जेवले असते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मग त्यांनी खाल्लं असतं ते त्याच्या कुठल्या पाहुण्याच्या हातचं. मला माझ्या हातचं खायला घालायचं होतं.

"न्हाई रं," मी म्हणालो. "आमी बौद्ध."

कुणी काही वाईट बोललं नाही. खरं तर ढालवाला घाईघाईने म्हणाला, "आरं मग काय झालं, आमी तसलं काय मानत न्हाई." तिरंदाजाने मान हलवली. वैद्य भिंतीकडे बघत राहिला. आईने परातीतून भाकरी आणली तेव्हा ढालवाल्याने ताटावर हात आडवा धरला. "आवं काकू, ऱ्हाऊ द्या. येताना स्टँडवर भडंग लय खाल्लं. पोट गच्च हाय बगा."

"थोडं तरी," मी म्हणालो. वैद्याला म्हणालो, "तुला तर वास आवडला हुता." माझा आवाज मलाच ऐकवत नव्हता. भीक मागत होतो मी. वैद्याने चमचाभर खीर वाटीत घेतली, वाटी हातात धरून बसला आणि उठताना ती ताटाच्या कडेला ठेवली. खीर होती तेवढीच होती. अर्ध्या तासातच, दोनची गाडी आहे म्हणत, निघाले. सोडायला येतो म्हटलं तर नको, नको, उन्हाचा कशाला.

ते गेल्यावर मला वाटलं, आपण उगाच मनात आणतोय. खरंच पोट भरलं असेल. भडंगाने भरतं पोट. निदान गाडी सुटेपर्यंत हसून निरोप घ्यावा म्हणून सायकल काढली आणि स्टँडवर गेलो. कँटीनच्या दारातल्या टेबलावर तिघं बसले होते. उसळपाव खात होते. ढालवाल्याने दुसरी प्लेट मागवली, चष्मा कपाळावर सरकवून रस्सा ओरपत होता. त्यांनी मला पाहिलं नाही. मी सायकल वळवली.

घरी आई भाकऱ्या फडक्यात बांधत होती. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी इचारलं हुतं न्हवं. त्याचीच मला भीती होती. पण ती एक वांगं ताटात घेऊन माझ्यासमोर बसली, खाल्लं आणि म्हणाली, "बेस झालंय." मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो. हे आता लिहायला काही वाटत नाही, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सोमवारी कॉलेजला जाताना सायकलवर मी शिव्या जुळवत होतो. एकेकाला काय काय लिहायचं, सगळं पाठ केलं. पाच वाजता मशिनवर बसलो. तिघं गुहेच्या तोंडाशीच होते, नेहमीसारखे. रविवारचा एक शब्द नाही.

"आचारी, वाढ की रं, मरतोय," ढालवाल्याने लिहिलं.

मी 'बघ' असं टाइप केलं. भुकेला, असं आलं. दुसऱ्याकडे बघितलं, तिसऱ्याकडे बघितलं. तिघंही भुकेले. पाठ केलेल्या शिव्यांतली पहिली मी लिहायला घेतली, तीन अक्षरं झाली, ती पुसली. लाकडं तोडली. जाळ केला. माझा आकडा एव्हाना इतका वाढला होता की एकही मासा करपला नाही. तिघं जाळाभोवती बसले आणि खाल्लं, गरम गरम. 'तुझ्या हातचं जेवण त्याने संपवलं', हे वाक्य पडद्यावर तीनदा आलं.

"लय भारी, गड्या," वैद्याने लिहिलं. "अजून हाय का?"

मला चीड यायला हवी होती. मला बरं वाटलं. ते वाक्य मी परत वाचलं आणि मला खरोखर बरं वाटलं. मी आणखी मासे लावले. त्यानंतर परीक्षेपर्यंत, चार महिने, रोज पाच ते सात मी त्या तिघांना वाढत होतो. आईला सांगितलं होतं की खेळणं मी त्याच सोमवारी सोडलं.