डोंगरावरचा निवडुंग

नातीने सांगलीच्या गॅलरीत हौसेने ठेवलेला निवडुंग काल बुडाशी सडला. कुंडी उचलली आणि तो आंबूस वास नाकात गेला. मी तिथेच खाली बसले.

लढाईची वर्षं होती. आमचं गाव औंधाजवळ. लग्नाला चार महिने होतात न होतात, तोच हे पलटणीत परत निघाले. आदल्या दिवशी यांनी डोंगरावरून निवडुंगाचं रोप आणून फुटक्या घागरीत लावलं. "ह्येला पानी लय घालू नगंस. ह्ये जगतंय तवर मी बी हाय बघ," हसत म्हणाले.

पुढे पत्रं थांबली. मला राहवेना. रोज तुळशीला पाणी घातलं, की तांब्यात उरलेलं त्या रोपाला घालायची. एका सकाळी हात लावला तर बूड पिचपिचीत, आणि रोप आडवंच झालं. नवऱ्याला मीच मारलं, असं वाटलं. सासूबाई ओढ्यावर गेल्या होत्या. मी अनवाणी डोंगरावर धावले. तसंच दिसणारं रोप हातांनी उपटलं, तळहातात काटे मोडले तरी सोडलं नाही. घागरीत लावून वरची माती सारखी केली.

सासूबाई आल्या. त्यांनी रोपाकडे बघितलं, मग माझ्या रक्ताळलेल्या हातांकडे.

"तुज्या हातनं गेलं ते त्येचं न्हवतंच," त्या हळूच म्हणाल्या. "त्येनं लावल्यालं दिवाळीतच सडलं. मी बी रोज पानी घालत हुते, पोरी."