पान चौथे

पुस्तक कुठलं वाचावं आणि कुठलं वाचू नये, हे अख्ख्या मुंबईत एकाच माणसाला कळत होतं. तो माणूस विद्यापीठात नव्हता आणि वर्तमानपत्राच्या कचेरीतही नव्हता. तो लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर राहत होता आणि गिरणीच्या साचेखात्यात दोन साच्यांवर कापड विणत होता. नात्याने माझ्या आईचा लांबचा भाऊ, म्हणून माझा मामा; पण चारही मजले त्यांना मामाच म्हणत. कामगाराला पुस्तकाशी काय करायचंय, असं ज्या शहाण्यांना वाटतं त्यांना मी तेव्हाही माझ्या पत्रकांतून झोडपत होतो आणि आजही झोडपायला तयार आहे. त्यांनी एकदा रविवारी सकाळी आमच्या जिन्याखाली येऊन उभं राहायला हवं होतं.

जिन्याखाली चाळीचा एकच फळा. डावी बाजू चळवळीची, म्हणजे माझी: सभा कुठे, मोर्चा किती वाजता, सत्याग्रहाची तुकडी कधी निघणार. उजवी बाजू मामांची. तिथे त्यांनी पांढऱ्या रंगाने तीन मथळे कायमचे रंगवले होते: आठवणी, माहिती, कादंबरी. दर रविवारी प्रत्येक मथळ्याखाली एक पुस्तक आणि मामांचा शेरा. पुस्तक मात्र नवंच हवं. जुन्यांचं कौतुक करायला बाकीची दुनिया आहे, असं ते म्हणत. एका निवृत्त कलेक्टरच्या आठवणींखाली शेरा होता, ‘साहेब चारशे पाने घोड्यावर आहेत. एकदा उतरले असते तर गाव दिसले असते.’ कोकणातल्या माशांवरच्या एका ग्रंथाखाली, ‘माहिती बरोबर. लेखकाने मासा खाल्लेला नाही.’ गाजत असलेल्या एका कादंबरीखाली, ‘नायिका खिडकीत बसून असते. घरात भात कोण टाकते ते शेवटपर्यंत कळत नाही.’ आणि एका म्हाताऱ्या सुईणीने सांगितलेल्या आठवणी आल्या तेव्हा फक्त एवढंच, ‘दोनदा वाचावे. दुसऱ्यांदा मोठ्याने.’ त्या आठवड्यात आमच्या चाळीत नळावर भांडण झालं नाही, कारण नळावर तेच पुस्तक चाललं होतं. शेजारच्या चाळीतली माणसं वही घेऊन फळा उतरवून न्यायला येत. घोडपदेवहूनसुद्धा येत.

मामा वाचत तेही साचेवाल्यासारखं. कापड उजेडाकडे धरून तुटलेला धागा शोधावा तसं पान दाराशी धरायचं, आणि लेखक जिथे खोटं बोलला तिथे समासात पेन्सिलीने बारीक ‘तु’ काढायचा. तु म्हणजे तुटला. पुस्तकं ते गिरगावच्या एका वाचनालयातून आणत. ट्राममध्ये वाचता वाचता एकदा थेट दादरला पोचले आणि कंडक्टर उतरा म्हणाला तर प्रकरण संपू दे म्हणाले; तेव्हापासून चालतच येत. वाचनालयातल्या कारकुनाने पहिल्यांदा त्यांच्या सदऱ्यावरचा कापूस बघून विचारलं होतं, कुणासाठी नेताय? मामा म्हणाले, चाळीसाठी. पुढे त्याच कारकुनाला एका वकिलाला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलंय, “यात ‘तु’ फार आहेत, दुसरं न्या.”

मला त्या काळात संयुक्त महाराष्ट्राखालोखाल एकच गोष्ट हवी होती. माझं पत्रक फळ्याच्या उजव्या बाजूला यायला हवं होतं. परळपासून वरळीच्या बीडीडी चाळींपर्यंत माझी पत्रकं हातोहात जात होती, आणि घरचाच माणूस त्यांना दारात उभं करत नव्हता. प्रत्येक पत्रक परत यायचं ते तांदळात किडे पडावेत तसे ‘तु’ घेऊन. वर एकच प्रश्न, “ह्येच्यात तू खंय आसस रे?”

“मामा, ही चळवळ आहे, माझं लग्न नाही.”

“चळवळ माका ठावक आसा. लाठी मीय खाल्लंय. पण ती दुखली खंय, तां लिवलंस काय?”

मी भडकलो. पुढच्या रविवारी त्यांचे तिन्ही शेरे पुसले आणि अख्ख्या फळ्यावर सभेची वेळ लिहिली. मामांनी सभेची वेळ वाचली आणि ते खोलीत गेले. बोलल्या त्या समोरच्या खोलीतल्या वहिनी. “भाऊजी, सभेला आम्ही येणारच होतो. पण ‘आठवणीं’त काय होतं ते आधी सांगा.” मला कुठे ठाऊक! मुकाट्याने मामांकडे गेलो. त्यांनी सांगितलं आणि मी माझ्या हाताने तिन्ही शेरे परत लिहिले.

मग मी सत्याग्रहात पकडला गेलो. अकरा दिवसांनी सुटून आलो तो थेट छापखान्यात. तीन पानं सरकारला मनसोक्त शिव्या घातल्या आणि मजकूर संपला. चौथं पान कोरं राहतंय, म्हणून छापणारा घाई करत होता. तिथेच उभ्या उभ्या जे आठवलं ते खरडलं: आई तुरुंगाच्या फाटकाशी डबा घेऊन आली, शिपायाने लोणचं आत नेऊ दिलं नाही, मी जाळीआडून घोषणा देत राहिलो. घोषणा दिल्या त्या रडण्याचा आवाज झाकायला. आई म्हणाली, ओरडू नको, घसा बसेल.

रविवारी फळ्यावर ‘आठवणी’खाली लिहिलेलं होतं: ‘पत्रक, पान चौथे. लेखक आपल्याच दुसऱ्या मजल्यावर राहतो. पहिली तीन पाने वाचू नयेत.’

अर्धं मिनिट मला अपमान वाटला. मग मी ते चार वेळा वाचलं, आणि दिवसभर काही ना काही काम काढून जिना उतरत राहिलो. आईला वाचता येत नव्हतं; वहिनींनी तिला पान वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, “लोणचं नव्हतं. बोंबलाची चटणी होती.” हे मामांच्या कानावर गेलं. त्यांनी माझ्याकडून पत्रक मागून घेतलं, समासात एक ‘तु’ काढला आणि परत दिलं.

राज्य मिळालं. त्या दिवशी फळ्यालाही हार घातला होता. मामा पुढे गिरणीतून निवृत्त होऊन कोकणात गावी गेले. तीन मथळे अजून तसेच आहेत; त्यांच्याखाली कुणी लिहीत नाही. मी एकदा खडू घेऊन उभा राहिलो आणि तसाच परत आलो. काही लिहिलं की मामांना टपालाने पाठवतो आणि ते ‘तु’सकट परत येतं. गेल्या महिन्यात पाठवलेलं मात्र एकही खूण नसलेलं आलं. दिवसभर मी छाती काढून फिरलो. संध्याकाळी पुन्हा पाकीट उघडलं तेव्हा आत मामीच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली. मामांना आता अक्षर दिसत नाही. म्हणतात, येऊन वाचून दाखव, तुटलेलं कानालाही कळतं.

उद्या भाऊच्या धक्क्यावरून बोट आहे. बरोबर तीन पुस्तकं घेतली आहेत, एकेका मथळ्याचं एकेक, आणि हे लिखाण. मामा मला पहिल्याच वाक्याला थांबवतील. विचारतील, “अख्खी मुंबई बघलंस खंय तू?” ते वाक्य मी तरीही खोडलेलं नाही. मामांच्या हातात पेन्सिल देईन आणि त्यांचा हात धरून नेमका त्या समासावर नेऊन ठेवीन.