रुमालाखालची नोकरी

मला विद्यापीठातली नोकरी बैलबाजाराच्या रीतीने लागली.

चौथीतून मी शाळा सोडली होती (शाळेनेही फारसा हट्ट धरला नाही). तेव्हा वऱ्हाडचे सरकार नागपूरला, म्हणून नशीबही तिकडेच असणार, असे आमच्या धाड गावात सगळे धरून चालत. अशात खबर आली, की तिथल्या विद्यापीठात रसायनाच्या प्रयोगशाळेत दोन जागा आहेत. एक शिकवणाऱ्याची, दुसरी काचसामान धुणाऱ्याची. बाबांनी बजावले, ही हुकली तर काकाच्या म्हशी राखायच्या. त्या म्हशी मला चांगल्या ओळखत होत्या, म्हणूनच मी घाबरलो होतो.

सोबत गणपतमामा निघाले. मामा बैलांचे दलाल. मलकापूरला आगगाडीत बसताच त्यांनी धोरण सांगितले.

"पहिले शिकवायची जागा मागू."

"मामा, मले चौथीच्या वर काही येत नाही."

"तुले काय समजते बे? भाव वरून खाली येते. खालून वर कधी गेला का?"

प्रयोगशाळेचे प्रोफेसरसाहेब मूळचे पुण्याचे, फार सभ्य. मामांनी मोठी जागा मागितली. साहेबांनी शिक्षण विचारले, मी मान खाली घालून खरे ते सांगितले. ते चष्मा पुसू लागले. मामांना वाटले, गिऱ्हाईक ढिले पडले! त्यांनी माझे गुण सांगायला सुरुवात केली. मारका नाही, खाण्यापिण्याची कटकट नाही, एका हाकेत उठतो. मग मला म्हणाले, चालून दाखव. आणि मी चाललो! दारापर्यंत जाऊन परत येताना कोपराने एक काचेची नळी फोडली.

"जागा नवी हाये नं साहेब," मामा म्हणाले, "बुजला."

साहेबांनी हसू गिळले. "धुण्याच्या जागेचं बघू. पगाराची अपेक्षा काय आपली?"

पगार म्हणताच मामांनी खांद्यावरचा रुमाल साहेबांच्या हातावर टाकला. आमच्याकडे बैलाचा भाव चारचौघांत बोलत नाहीत, कापडाखाली बोटे दाबून ठरवतात; जितकी बोटे, तितका भाव. हे साहेबांना कोण सांगणार? मामांनी अख्खा पंजा धरला. साहेबांनी दचकून हात ओढला, मामांच्या मुठीत करंगळी तेवढी राहिली.

"एवढ्यात नाही परवडत," मामा दुखावून म्हणाले.

"अहो, हे काय चाललंय?"

"हळू बोला. लोकं ऐकून राह्यले." (लोक म्हणजे मी आणि कपाटातल्या बाटल्या.)

म्हशी डोळ्यांपुढे आल्या. मी कसाबसा सगळा प्रकार समजावला. मग साहेबांनी स्वतः रुमालाखाली हात घातला! आत काय ठरले मला दिसले नाही. मामांचा चेहरा तेवढा उजळला.

"दिला," मामा म्हणाले. "आठ दिवसांत खोड निघाली तर वापस पाठवा. बाजाराची रीत हाये."

त्या आठ दिवसांत मी इतकी काच फोडली, की धुवायला कमी अन् झाडायला जास्त! रोज संध्याकाळी वळकटी बांधून ठेवत असे. नवव्या दिवशी न राहवून साहेबांना विचारले, मी जाऊ का?

"कुठे जातोस? मुदत कालच संपली," ते म्हणाले. "माझ्या लक्षात राहिलं नाही."

त्या विसराळूपणाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पुढे साहेबांनी एकदा मामांना सहज विचारूनही पाहिले म्हणे. मामांनी साफ सांगितले, विकलेला माल आम्ही परत घेत नसतो.