शेऱ्याच्या रकान्यातल्या दोन ओळी

तलाठी भरतीच्या यादीत माझं नाव आलं, तेव्हा आईनं विचारणाऱ्यालाही सांगितलं आणि न विचारणाऱ्यालाही. आठ दिवसांत कागदावर घोडं अडलं. रहिवासाचा दाखला काढायला शाळेचा सलग पुरावा हवा होता, आणि तिसरी-चौथीचा माझ्याकडं नव्हता. त्या दोन्ही वर्षी ऊसतोडीच्या हंगामात आईवडील मला कर्नाटकात घेऊन गेलते. कचेरीतला बाबू म्हणाला, मग तुम्ही इथल्या कशावरून? माझं डोकंच फिरलं. जन्म शिरूर कासारचा, शेत इथं, घर इथं, आणि हा विचारतो कशावरून! सोमवारपर्यंत पुरावा आला नाही तर नोकरी यादीतल्या पुढच्याला जाणार होती.

आई म्हणाली, शाळेत जाऊ. मी टाळत होते. दिवाळीच्या सुमारास ट्रक भरले की निम्मा वर्ग रिकामा व्हायचा, आणि थोडे दिवस वाट बघून तोडीला गेलेल्या पोरांच्या नावावर तांबडी रेघ मारायची, ही तेव्हाची रीतच. माझ्याही नावावर ती असणार, हे मी धरूनच चालले होते. शिवाय तिसरी-चौथीच्या आमच्या बाईंवर माझा जुना राग. आम्ही ट्रकमध्ये चढताना त्या धावत आल्या होत्या, पोरीला मागं ठेवा म्हणून चारचौघांत वडिलांना वाट्टेल ते बोलल्या होत्या. मला लई लाज वाटलेली. पुढं कित्येक वर्षं रस्त्यात दिसल्या तरी मी त्यांना ओळख दिली नाही. इतकी मी आगाऊ.

हेडमास्तरांनी पोरांची नावं घातल्या-काढल्याचं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. मागच्या-पुढच्या पानांवर तांबड्या रेघाच रेघा. आमच्या वर्गाच्या पानावर एकही नाही. तोडीला गेलेल्या प्रत्येक पोराच्या नावापुढं शेऱ्याच्या रकान्यात बाईंचं वाटोळं अक्षर. माझ्यापुढं लिहिलेलं: "आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेली आहे. नाव कमी करू नये, परत येणार आहे." चौथीतही तेच, शब्दाला शब्द. तपासणीला आलेल्या साहेबांनी यावरून बाईंना मेमो दिला होता म्हणे. त्यांनी एक अक्षर खोडलं नाही. बाईंचा असा अभिमान वाटला, की माझे डोळेच भरून आले.

आईला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं, तर तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग कोयत्यानं घट्टे पडलेलं बोट तिनं त्या ओळीवर ठेवलं आणि मान ताठ करून हेडमास्तरांना म्हणाली, "मंजी आमी तिकडं ऊस तोडत व्हतो, तवा बी माजी पोरगी हितंच शाळंत व्हती."

सोमवारी दाखला निघाला. पेढ्यांचा पहिला पुडा घेऊन मी बाईंच्या दारात गेले. त्यांनी चष्म्यातून बघितलं, कोण ते त्यांना कळेना. या वेळी ओळख मीच आधी दिली.

म्हटलं, "बाई, मी परत आले."