बाराशे विहिरींची वाडी

रस्ता बांधून झाला की त्याच्यावरून माणसं जातात, गाड्या जातात, गुरं जातात. तो कुठून जायचा यावरून झालेले तंटे मात्र आमच्यासारख्यांकडे राहतात. एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांत मी नाशिकला, जिल्ह्याचे रस्ते आखणाऱ्या कचेरीत नकाशे काढायला होतो. मी काढलेले नकाशे कधीच रद्दीत गेले असतील. किस्से तेवढे घरी आले. आमची ही तर म्हणते, "तांदळाच्या डब्यात हात घातला तरी तुमचे बापू निघतील." निघतात खरे. चहा घ्या, म्हणजे सांगतो.

*

बापू म्हणजे आमचे ओव्हरसियर. माणूस सिन्नरकडचा, अंगानं किडकिडीत, डोक्याला रुमाल, हातात कायम छत्री. बापू जन्मात खोटं म्हणून कधी बोलले नाहीत. पण विचारलं तेवढंच बोलायचं, त्याच्यापुढे एक अक्षर नाही, हीसुद्धा त्यांची रीत होती. एकदा साहेबांच्या घरी चहा फार वाईट झाला होता. साहेबांनी विचारलं, "बापू, चहा कसा काय?" बापू म्हणाले, "गरम आहे, साहेब."

सिन्नरकडचा एक रस्ता आखताना आमची रेघ नेमकी बापूंच्या सासऱ्यांच्या खळ्यातून गेली. सासरे वस्ताद. त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं, पुरणपोळ्या केल्या, तुपाची वाटी बापूंच्या पुढ्यात ठेवली. बापू पोटभर जेवले. हात धुतले, पान खाल्लं आणि म्हणाले, "मामा, जेवण झकास झालं. आता जरा बाजूला बसता का? रस्त्याची खुंटी तिथंच येतेय."

त्या दिवाळीला वहिनींच्या माहेरून फराळ आला नाही. बापूंना त्याचं वाईट वाटलं. मला म्हणाले, "चकल्या चांगल्या असतात रे त्यांच्या." पण खुंटी काही हलवली नाही.

*

निफाडच्या बाजूला एका गावात चावडीसमोर सभा भरली होती. साहेबांनी विचारलं, "गावाला रस्ता पाहिजे का?" सगळे हात वर. पाटील म्हणाले, "सायेब, रस्ता पायजेलच हाय. पावसाळ्यात गाडी चाकापस्तोर रुतती."

"मग कोणाच्या शेतातून नेऊ?"

झालं. सगळी सभा एकदम खाली बघायला लागली. पाटलांनी शेजारच्याकडं बोट दाखवलं, शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याकडं. बोट फिरत फिरत पुन्हा पाटलांपाशी आलं, तेव्हा पाटलांना एकाएकी आठवलं, "अरे, आपला रंभाजी कुठं हाय?" रंभाजी सासुरवाडीला गेला होता. मग काय विचारता. गाव इतकं एकमतानं बोलताना मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं. "रंभाजीचं लय मोठं रान हाय. रंभाजी नाय म्हनायचा नाय."

दुसऱ्या दिवशी रंभाजी परत आला आणि आमच्या मोजणीच्या साखळीवर आडवा झोपला. उठेचना. शेवटी साहेबांनी त्याला वळसा घालून रेघ नेली. ते वळण तिथं अजून आहे. नवी माणसं म्हणतात, कुठल्या येड्यानं हा रस्ता आखला. मी गप्प बसतो.

*

आता बागलाणात चला. नामपूरच्या पुढे नदीपलीकडे एक वाडी होती. टेकाडाच्या आड पाच घरं, आंब्याची झाडं, बाकी सगळं रान. त्या वाडीची माहिती लिहून घ्यायला आमच्याबरोबर कचेरीतले दामूअण्णा आले होते. दामूअण्णांनी उभ्या जन्मात नाशिक सोडलं नव्हतं. हिवाळ्याचे दिवस, नदीला घोटाभर पाणी, त्यामुळे धोतर वर खोचून का होईना, ते पलीकडे पोचले. आंब्याखाली बैठक मांडली आणि एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "विहिरी किती?"

बाबा म्हणाले, "एक शे."

दामूअण्णा लेखणी उचलून थांबले. बाबाही थांबले. बराच वेळ दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

"एकशे किती?" दामूअण्णांनी विचारलं.

"एक शे, दादा."

"अहो, ते कळलं. पण एकशे एक, एकशे दोन, किती ते सांगा ना."

बाबांनी काळजीनं बापूंकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "हाऊ भाऊ बरा शे ना?"

"बाराशे?" दामूअण्णा ओरडलेच. "एवढ्याशा वाडीत बाराशे विहिरी?" आणि घाईघाईनं लिहूनसुद्धा टाकलं.

बापू शांतपणे म्हणाले, "अण्णा, इकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. एक असलं तर शे, जास्त असले तर शेतस. विहीर एकच आहे. आणि तुम्ही बरे आहात का, असं ते विचारताहेत."

दामूअण्णा चिडले. म्हणाले, "मग आहे म्हणायला यांचं काय जातं?" तो कागद तसाच खाडाखोड होऊन वर गेला, आणि कचेरीत त्या वाडीचं नाव बाराशे विहिरींची वाडी असं पडलं ते पडलंच.

*

याच वाडीत गजराबाई राहायची. विधवा बाई, एक मुलगा, एक सून. सून नदीअलीकडची, नामपूरची. ती पहिल्यांदा बाळंत व्हायची होती तेव्हा नदीला पूर आला. नामपूरची सुईण फातमाबी. नवरा मागावर लुगडी विणायचा आणि ही पंचक्रोशीतली पोरं हातावर झेलायची. निरोप मिळताच ती नदीपर्यंत धावत आली. पलीकडे जायला मार्ग नव्हता. मग ती या काठावरून ओरडून सांगायला लागली आणि गजराबाई त्या काठावर ऐकून घरात धावायला लागली.

पुराच्या आवाजात लांब वाक्य पोचत नाही. पहिला शब्द कानावर येतो, शेपूट पाण्यात जाते. फातमाबी ओरडली, "पाणी तापव," तर पलीकडे पोचलं नुसतं "पाणी". गजराबाई तिथूनच उलट ओरडली, पाणीच तर आडवं आलंय. हे सांगताना दोघीही हसायच्या. हसून झालं की मग सांगायच्या, सून वाचली पण पोर गेलं.

फातमाबी बापूंना म्हणाली होती, "बापूसाब, मेरा आवाज पलीकडे जातो. हात नाय जात ना."

पुढं पाणी ओसरल्यावर सून माहेरी गेली, ती परत येईना. भांडण नाही, तंटा नाही. तिचा नवरा दर बाजारच्या दिवशी तिला भेटायला जायचा, खाऊ न्यायचा, एकटाच परत यायचा. गजराबाईनं आम्हाला सांगितलं, "मनी सून म्हनस, फरशी व्हई तवय येसू." नदीतून दगडाची पक्की वाट झाली, फरशी झाली, की येईन. हट्टी म्हणा हवं तर. मला ती पोरगी शहाणी वाटली.

बापूंनी फरशीचा नकाशा माझ्याकडून तीनदा काढून घेतला. दरवेळी वरून एकच उत्तर आलं: इतक्या थोड्या घरांच्या वस्तीला पक्की फरशी देता येत नाही. पाचाची सहा घरं करणं बापूंच्या हातात नव्हतं, आणि सहा लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

*

मग एकदा भर पावसाळ्यात पुण्याहून मोठे साहेब आले. चांगला माणूस, पण ओव्हरसियर लोकांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "तुम्ही लोक घरात बसून घरं मोजता," असं तोंडावर म्हणायचे. आमच्या वाडीचा कागद त्यांनी पाहिला, बाराशे विहिरी वाचल्या आणि तो बाजूला फेकला. म्हणाले, "या कागदावर मी विसंबणार नाही. मी स्वतः गावकऱ्यांना विचारीन."

आम्ही नदीवर पोचलो तर लाल पाणी दोन्ही काठ धरून चाललेलं. पलीकडचं टेकाड दिसत होतं, आंब्याचे शेंडे दिसत होते. घर एकही दिसत नव्हतं. काठावर गजराबाई डोक्यावर पोतं घेऊन उभी होती. साहेब येणार हे तिला कळलं असावं.

साहेबांनी तोंडाला हात लावून हाक दिली, "बाई, घरं किती?"

माझ्या हातातली छत्री साहेबांच्या डोक्यावरून सरकली. मी बापूंकडं पाहिलं. बापू पाण्याकडं बघत होते.

गजराबाईनं सगळा जीव एकवटून उत्तर दिलं. "पाच शे..." एवढं आलं. पुढचं नदीनं घेतलं.

साहेब बापूंकडं वळले. "काय म्हणाली ती?"

बापूंनी क्षणभर विचार केला. मग म्हणाले, "मला 'पाच शे' ऐकू आलं, साहेब."

"मलाही तेच," साहेब म्हणाले, आणि खिशातून पेन्सिल काढली.

परत आल्यावर बापूंनी फरशीचा नकाशा माझ्याकडून चौथ्यांदा काढून घेतला.

*

पुढच्या उन्हाळ्यात फरशी झाली. वाडीतल्या सगळ्यांनी दगड वाहिले, फातमाबीच्या नवऱ्यानं माग बंद ठेवून हात लावला. काम पाहायला मोठे साहेब पुन्हा आले. त्यांच्या पुढे गजराबाईची सून चालत होती, काखेत गाठोडं, डोक्यावरून पदर. मधोमध पोचल्यावर ती थांबली, पायानं दगड दाबून पाहिला, मग पुढं गेली. पलीकडे गजराबाईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला पोटाशी धरून चारचौघांत रडली. मीही डोळे पुसले. बापूंच्या डोळ्यांत धूळ गेली होती म्हणे.

साहेब टेकाडाला वळसा घालून वर गेले. आंब्याखाली उभे राहिले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. बोटांनी मोजलं, पुन्हा मोजलं. मग गजराबाईला जवळ बोलावून अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, इथं घरं किती?"

"पाच शेतस, सायेब."

साहेब खाली फरशीकडं बघत राहिले. तिच्यावरून वाडीचं एक वासरू एकटंच परत येत होतं. मग ते बापूंकडं वळले.

"बापू, हा 'तस' त्या दिवशी कुठं होता?"

बापू म्हणाले, "पुरात वाहून गेला, साहेब."