धोंडूबाईचा वाफा

आणखी एक खिळा वाकला तशी मुरारीने हातोडी अंगणात भिरकावली. "मरू दे च्यायला!"

अंगण कसलं, नुसता कातळ! कचेरीतल्या या कारकुनाने महाडबाहेर, नाते गावाच्या वाटेवर हौसेने घर बांधलं, पण भोवती मूठभर माती नाही. एरवी त्याचं काही अडलं नसतं. अडलं ते आईपायी. धोंडूबाई पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या वाडीत एकटीच राहायची. गेल्या पावसाळ्यात पाणवठ्यावर घसरली, गुडघा कामातून गेला, आणि मुरारीने तिला जवळजवळ उचलूनच खाली आणलं. तेव्हापासून म्हातारी ओटीवर बसून. चूल सुनेची, विळी सुनेची, सासूने कशाला हात लावला की आनंदी लगेच म्हणायची, "तुम्ही बसा हो, आत्याबाई." बसून बसून म्हातारी विटली. शिमगा झाला तशी म्हणाली, "मुरारी, माझा जीव नाय रमत. मला यष्टीत बसवून दे."

आता त्या रिकाम्या घरात ती पुन्हा पडली तर कळणार कुणाला? विचार करकरून मुरारीने तोड काढली: चार पायांवर कमरेएवढा उंच लाकडी वाफा करायचा, म्हणजे तिला वाकायला नको.

"आये, हा वाफा तुझा. मिरची लाव, वांगी लाव, हवं ते कर. पण जायचं नाव काढू नकोस."

"माझा?" म्हातारीने दोनदा विचारलं. कितीतरी दिवसांनी ती हसली.

सुतार मात्र भलतंच हसला. "भाऊसाहेब, मातीला पलंग कशाला हवा?" म्हणाला, आणि लग्नसराईचं कारण सांगून मोकळा झाला. राहिला कोण? मुरारी! वखारीतून आंब्याच्या फळ्या आणल्या, त्या ओल्या निघाल्या आणि उन्हात पापडासारख्या वाकड्या झाल्या. पाय चार, टेकायचे तीनच. बोटावर हातोडी बसली ती वेगळीच. दिवसभर साहेबाची बोलणी खायची आणि घरी येऊन करवत ओढायची. त्यात आनंदीचं, "एवढ्या खटपटीत वर्षाची मिरची कुटून झाली असती." मुरारी उठसूट खेकसायला लागला. मधूनच म्हातारी लंगडत यायची. "मुरारी, मी काय म्हंते..."

"तू बस गं आये. मला कळतंय."

ती जाऊन बसायची.

अखेर वाफा कसाबसा उभा राहिला. गाडीभर माती आणून त्यात भरली आणि मुरारी दुसऱ्या दिवशी शीळ घालत कचेरीत गेला. संध्याकाळी परत येतो तर वळणावरूनच धूर दिसला. तो धावत सुटला.

वाफा जळून कोसळला होता. माती कातळावर सांडली होती, आनंदी घागरीने पाणी ओतत होती, आणि काळ्या पडलेल्या फळ्यांपाशी धोंडूबाई उभी होती. झालं होतं ते असं. डोंगरावर बी टाकण्याआधी मातीवर शेणी, पालापाचोळा पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात, आणि राब भाजल्याशिवाय वाडीत कुणी रोप करत नाही. आनंदी पाण्याला गेलेली पाहून म्हातारीने या वाफ्यातही राब भाजला. वारा सुटला आणि फळ्यांनी पेट घेतला.

मुरारीचा तोल सुटला. "लाकडात विस्तव घालतं का कुणी? एवढंही कळू नये? कशाला हात लावलास?"

"माझा म्हनालास ना? मग माझ्या रीतीनं केला." म्हातारी उसळून म्हणाली. "चिऱ्याचा कर, चिरा जळत नाय, ह्ये सांगाया किती येळा आले रे! तू म्हनालास, बस. समदीच म्हनतात, बस. उद्या मला यष्टीत बसवून दे."

रागावावं तरी कुणावर? मुरारीला स्वतःचीच भयंकर चीड आली. पायाने त्याने एक जळकी फळी बाजूला सारली, पुन्हा सारली.

"आये," तो शेवटी म्हणाला, "चिरे किती उंच लावू?"

डोंगर उतरल्यापासून धोंडूबाईला या घरात कुणी काही विचारलं नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले आणि राखेने माखलेला हात कमरेला लावला.

"हितवर," ती म्हणाली. "मला उभं ऱ्हाऊन करायचं हाय."